सरासरी हलत नाही

अमेरिकेत पदवीनंतर मेडिकलला अर्ज करताना एक गुणपत्रिका देऊन भागत नाही, सगळ्या द्याव्या लागतात. ज्या ज्या कॉलेजात एखादा तरी विषय घेतला असेल, त्या प्रत्येकाची. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात हौसेनं केलेला सायकॉलॉजीचा कोर्स, एका उन्हाळ्यात दुसरीकडे उरकलेलं स्टॅटिस्टिक्स, अर्ध्यावर सोडलेला विषय, नापास झालेला, पुन्हा दिलेला, सगळं त्यात येतं. माझ्या चार वर्षांच्या पदवीचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, होता २.९, चारपैकी. मी अर्ज भरला त्या सुमारास एमडीच्या, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरकीच्या पदवीच्या, कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांची सरासरी होती ३.७७.

मी जन्मानं न्यू जर्सीचा, पण सातवीपर्यंतची शाळा नाशिकची, तीही मराठी माध्यमाची. बाबांची नोकरी पुन्हा इकडे आली तेव्हा आम्ही एडिसनला आलो. ओळखीतल्या सगळ्यांची मुलं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जात होती, मीही गेलो. कॅल्क्युलसला सी, फिजिक्सला सी प्लस. तिसऱ्या सेमिस्टरला बायॉलॉजीकडे वळलो, तिथे ऑर्गॅनिक केमिस्ट्रीनं, इथली पोरं जिला ऑर्गो म्हणतात तिनं, पुन्हा सी दिला. तो विषय परत घेतला, बी आला. शेवटची दोन सेमिस्टर बरी गेली. २०१८ मध्ये पदवी मिळाली आणि मी एका हॉस्पिटलात पेशंट केअर टेक म्हणून लागलो. रक्तदाब घेणं, शुगर तपासणं, रुग्णाची कूस बदलणं, अंग पुसणं, बेडपॅन. डॉक्टर का व्हायचंय ते इथे लिहीत नाही. अर्जात ५,३०० अक्षरांच्या मर्यादेत ते एकदा लिहून झालंय आणि पुन्हा लिहायची हौस नाही.

सुरुवात एक्सेलपासून झाली. एमडी कॉलेजांचा सामाईक अर्ज अ‍ॅमकास नावाच्या यंत्रणेतून जातो. टेक्साससारखे थोडे अपवाद सोडले तर सगळीकडे तोच. तुमच्या विद्यापीठानं छापलेला जीपीए अ‍ॅमकास मानत नाही. प्रत्येक विषय, त्याचं प्रत्येक क्रेडिट म्हणजे हिशोबातलं वजन, आपल्या पद्धतीनं मांडून नव्यानं हिशोब करतं. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स यांचा वेगळा जीपीए निघतो, त्याला सगळे बीसीपीएम म्हणतात. बाकीचे विषय दुसऱ्या खान्यात जातात. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स या दुसऱ्या खान्यात पडतात, पण कॅल्क्युलस मात्र पहिल्यात. स्टॅटिस्टिक्ससुद्धा पहिल्यातच.

मी रात्रपाळी करून आलो की दुपारी तासभर बसून ही मांडणी करायचो. विद्यापीठाच्या कागदावर ऑर्गोचा पहिला सी पुसलेला होता, कारण त्यांच्या नियमात पुन्हा घेतलेल्या विषयाचा नवा गुण जुन्याची जागा घेतो. अ‍ॅमकासमध्ये दोन्ही मोजले जातात. तो सी पुन्हा जागा झाला, सायकॉलॉजीचा कोर्सही आत आला, आणि विद्यापीठाच्या २.९६ चे झाले सपाट २.९. बीसीपीएम त्याहून खाली, २.६.

आता गणित. माझे १२० क्रेडिट २.९ नं झालेले. समजा मी आणखी ३० क्रेडिट घेतले, म्हणजे वर्षभराचा पूर्ण अभ्यास, आणि प्रत्येक विषयात ए, म्हणजे चारपैकी चार, मिळवला. तर एकूण येतो ३.१२. दीड वर्ष, ४५ क्रेडिट, सगळे ए: ३.२. मग मी उलटं विचारलं, ३.५ पर्यंत जायला किती क्रेडिट लागतील? उत्तर आलं १४४. सगळे ए. अख्खी पदवीच १२० क्रेडिटची असते. पातेलंभर खारट आमटीत वाटी-वाटी पाणी ओतत बसण्यातला तो प्रकार होता.

इंटरनेटवर आणि ओळखीपाळखीत अजूनही सांगणारे भेटतात की डीओच्या अर्जात जुने गुण पुसले जातात. एके काळी ते खरं होतं. डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी, त्यांचा सामाईक अर्ज आकोमास नावाच्या दुसऱ्या यंत्रणेतून जातो. तिथे पुन्हा दिलेल्या विषयाचा फक्त शेवटचा गुण धरत. सी आलेले चार-पाच विषय पुन्हा घ्यायचे की जीपीए एकदम वर. २०१७ पासून ती सवलत बंद झाली, आता तिथेही सगळे प्रयत्न मोजतात. टेक्सासात मात्र एक कायदा आहे, अ‍ॅकॅडमिक फ्रेश स्टार्ट. तिथल्या रहिवाशानं मागणी केली तर दहा वर्षं किंवा त्याहून जुने क्रेडिट बाजूला ठेवून कोऱ्या पाटीनं सुरुवात करता येते. पण ते सगळेच जातात, चांगलेही. मला ना टेक्सास, ना दहा वर्षं.

त्या एक्सेलमधून एक बारीकशी चांगली गोष्ट निघाली. आकोमासचा सायन्स जीपीए मॅथ्स धरत नाही. म्हणजे माझे कॅल्क्युलसचे सी तिथे निदान विज्ञानाच्या खान्यात तरी येत नव्हते. इतक्या छोट्या गोष्टीवर मी तेव्हा एक आठवडा खूश होतो.

पण सगळ्यात महत्त्वाचं काय दिसलं, तर अ‍ॅमकासच्या छापील पानाची रचना. कॉलेजांच्या हातात जे पान पडतं त्यावर एकच आकडा नसतो. वर्षवार ओळी असतात: फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सिनिअर, म्हणजे पदवीचं पहिलं ते चौथं वर्ष. त्याखाली आणखी एक ओळ, पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीनंतर घेतलेले पदवी स्तरावरचे विषय. मग एकूण. मास्टर्स केलं असेल तर त्याची ओळ निराळी, ती एकूणात मिसळतच नाही. मी आतापर्यंत फक्त शेवटच्या ओळीकडे बघत होतो. ती हलणार नव्हती. पोस्ट-बॅकची ओळ रिकामी होती.

यानंतर मी सरासरी मोजणं थांबवलं असं म्हणणं खोटं ठरेल, दर सेमिस्टरला मोजायचोच. पण ठरवताना ती धरली नाही. एवढाच एक टप्पा मनात होता की ३.० ओलांडायचा, कारण अनेक कॉलेजांत त्याखालचे अर्ज कुणी उघडतही नाही असं सगळेच सांगत. त्याला १२ क्रेडिट पुरत होते.

माझ्या जुन्या विद्यापीठातल्या प्री-मेड सल्लागार बाईंकडे गेलो. त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि फिजिशियन असिस्टंट किंवा पब्लिक हेल्थचा विचार केला आहे का, असं विचारलं. वाईट काहीच बोलल्या नाहीत. पण पोस्ट-बॅकबद्दल एक वाक्यही त्या स्वतःहून बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला राग आला तो या दुसऱ्या गोष्टीचा. ज्याच्यासमोर हा रस्ता आहे त्याला तो आहे हे तरी सांगावं, मग चालायचं की नाही ते तो बघेल.

रस्ते तीन होते. पहिला, रीतसर पोस्ट-बॅक प्रोग्रॅम. त्यातही दोन जाती आहेत. एक, ज्यांनी विज्ञान कधी घेतलंच नाही त्यांच्यासाठी, बँकेतून किंवा संगीतातून वळणाऱ्यांसाठी. दुसरी, माझ्यासारख्यांसाठी, ज्यांनी सगळं घेतलं पण गुण पडले नाहीत. एएएमसी, म्हणजे मेडिकल कॉलेजांची संघटना, अशा प्रोग्रॅमची यादी ठेवते आणि त्यात ही जात निवडून शोधता येतं. दुसरा रस्ता, स्पेशल मास्टर्स. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठातला याबाबत जुना आणि नावाजलेला. वर्षभर मेडिकलच्या पहिल्या वर्षासारखेच विषय, काही ठिकाणी त्याच वर्गात बसून. तिसरा, आपलं आपण विषय निवडून जवळच्या चार वर्षांच्या कॉलेजात घेणं. याला इथे डीआयवाय पोस्ट-बॅक म्हणतात.

स्पेशल मास्टर्सचं आकर्षण फार असतं. एका वर्षात निकाल, वर मेडिकल कॉलेजचा शिक्का. पण त्याचा गुण मास्टर्सच्या वेगळ्या ओळीत जातो, पदवीची ओळ आहे तिथेच राहते. खर्च अनेक ठिकाणी चाळीस हजार डॉलरच्या पुढे. आणि ज्याचा अभ्यासाचा पायाच अजून सिद्ध व्हायचाय त्यानं एकदम त्या वर्गात बसून बी-सी मिळवले, तर पुढे दाखवायला काहीच उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: स्पेशल मास्टर्स हा शेवटचा डाव आहे, पहिला नव्हे. आमच्या ओळखीतल्या दोघांनी तो पहिला खेळला. त्यातला एक आज उत्तम डॉक्टर आहे, म्हणून हे मत मी मोठ्यानं सांगत नाही.

मी तिसरा रस्ता घेतला. कारण पैसे.

पैशांचं थोडं सांगतो, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही. अमेरिकेत कंपनी किंवा हॉस्पिटल कर्मचाऱ्याच्या शिक्षणाला मदत करू शकतं, आणि वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते. आमच्या हॉस्पिटलात ती सोय होती, पण अट अशी की तुम्ही कुठल्या तरी पदवीला नाव घातलेलं हवं. सुटे विषय घेणाऱ्याला, म्हणजे नॉन-डिग्री विद्यार्थ्याला, छदामही नाही. मग मी घराजवळच्या एका सरकारी कॉलेजात दुसऱ्या बॅचलर्सला नाव घातलं. ती पदवी पूर्ण करायची नव्हती, आणि केलीही नाही. पण नाव घातल्यावर फीचा मोठा भाग हॉस्पिटलनं दिला. आणखी एक फायदा मला आधी माहीतच नव्हता. नॉन-डिग्रीवाल्यांना विषय निवडायची पाळी सगळ्यात शेवटी मिळते, तोवर संध्याकाळचे वर्ग भरलेले असतात. पदवीवाल्यांचा नंबर आधी. बायोकेमिस्ट्रीची संध्याकाळची जागा मला त्यामुळेच मिळाली.

आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "पुन्हा बी.एस्सी.?" म्हणाली. "अरे, एक झालंय ना तुझं?"

"हो गं, पण हे वेगळं आहे."

"लोकांना काय सांगू?"

"सांग, शिकतोय."

बाबा मधे पडले. "त्याला करू दे. पण एका अटीवर. नोकरी सोडायची नाही."

"बाबा, नोकरी सोडली तर फी कोण भरणार, तुम्ही?"

"म्हणून तर म्हणतोय," ते म्हणाले.

मंडळाच्या गणपतीत मात्र त्या वर्षी मी आरती झाली की प्रसाद घेऊन पळायचो. 'सध्या काय चाललंय' या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्यात उत्तर नव्हतं. नाशिकहून काकांचा फोन आला तेव्हा त्यांनी वेगळाच तोडगा काढला. "इकडे ये. तुझ्याकडे ओसीआय आहे. एनआरआय कोट्यातनं करून टाकू." काकांची माहिती अगदीच चुकीची नव्हती. ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, आणि २०२१ पासून ते असणाऱ्यांना प्रवेशाच्या बाबतीत एनआरआयच्या बरोबरीनं धरतात. पण त्यालाही नीट द्यावीच लागते, आणि तिथून एमबीबीएस करून इकडे परत यायचं तर यूएसएमएलई ही इथली परवान्याची परीक्षा आणि परदेशी पदवीधराचा शिक्का ठरलेला. कॅरिबियन बेटांवरच्या कॉलेजांचा सल्ला तर आठवड्याआड कुणी ना कुणी द्यायचं. तिथे गुणांचा फारसा प्रश्न येत नाही, प्रश्न पुढे येतो, रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, मिळवताना. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, एमडीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९३ टक्क्यांना जागा मिळाली, डीओच्या सुमारे ९२ टक्क्यांना, आणि परदेशी कॉलेजात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी सुमारे ६७ टक्क्यांना. त्यात जे मधल्या वर्षांतच गळतात ते मोजलेलेच नाहीत. माझा निर्णय असल्याच आकड्यांकडे बघून झाला होता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुण्या-मुंबईहून शिकून आलेले ओळखीचे लोक ती विचारतात. भारतातल्या पदवीचे गुण अ‍ॅमकास जीपीएत धरत नाही. चांगले असोत की वाईट. म्हणजे बी.एस्सी.ला पन्नास टक्के पडलेले असले तरी इथे पाटी कोरीच, पण ती भरायला इथल्या कॉलेजात विषय घ्यावे लागतात. आणि विद्यार्थी व्हिसावर असाल तर तुम्हाला घेणारी मेडिकल कॉलेजं फार थोडी. मी नागरिक होतो, तो प्रश्न मला नव्हता.

२०२१ च्या फॉलमध्ये, म्हणजे शरदातल्या सेमिस्टरला, दोनच विषय घेतले. बायोकेमिस्ट्री आणि ह्यूमन फिजिऑलॉजी. सगळे म्हणाले, दोनच? पदवीच्या वेळी मी सेमिस्टरला पाच विषय रेटत होतो. पण रिकाम्या ओळीत पहिलाच बी पडला असता तर ती ओळ माझ्या जुन्या चार ओळींसारखीच दिसली असती. जे जुने सी होते ते विषयही मुद्दाम पुन्हा घेतले नाहीत. फिजिक्सचा सी प्लस परत घेऊन ए मिळवला तरी वाचणारा म्हणणार, दुसऱ्यांदा आलं. त्यापेक्षा त्याच्या वरच्या पायरीचा विषय पहिल्या खेपेला ए नं काढावा. ऑर्गोनंतर बायोकेम, जनरल बायॉलॉजीनंतर जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, इम्युनॉलॉजी. अपवाद एकच, ज्या विषयात सीच्याही खाली असाल तो. काही कॉलेजं सी मायनसही धरत नाहीत, तिथे इलाज नाही, पुन्हा घ्यावाच लागतो.

अभ्यासाचं म्हणाल तर पहिला महिना मला काहीच येत नव्हतं. वर्गात सगळं कळायचं. घरी येऊन नोट्स वाचल्या की वाटायचं, झालं. पहिल्या क्विझमध्ये ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या कोऱ्या कागदावर काढायला सांगितल्या आणि मी सहाव्या पायरीवर अडकलो. वाचताना ओळखीचं वाटणं आणि कागदावर उतरवता येणं यातला फरक मला तिथे कळला. विशीत कळायला हवा होता, पण कळला तिथे. त्यानंतर वाचणं कमी केलं. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात बसून छापून आणलेल्या कोऱ्या तक्त्यांवर पायऱ्या काढायचो, पेननं, आठवतील तशा. एकदा एक नर्स ताई तिथे आल्या, त्या तमिळ, तिशीतल्या. तक्ता पाहिला, हातातलं पेन घेतलं आणि मी चुकवलेलं एन्झाइम लिहून गेल्या. त्यांनी नर्सिंगसाठी हे कधीतरी केलं होतं. पुढे कितीतरी रात्री त्या जाता-येता मला प्रश्न टाकून जायच्या.

फिजिऑलॉजी शिकवणारे प्रोफेसर जुन्या वळणाचे होते. त्यांच्या ऑफिस अवर्सना मी दर आठवड्याला जायचो. पदवीच्या चार वर्षांत मी एकाही प्रोफेसरच्या खोलीत गेलो नव्हतो, कारण आपल्या घरात शिक्षकाकडे जायचं म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं. इथे ते उलट आहे. मेडिकलच्या अर्जाला विज्ञान शिकवणाऱ्यांची शिफारसपत्रं लागतात, बहुतेक ठिकाणी दोन. शंभर जणांच्या वर्गात तोंड न दाखवलेल्या मुलाला पत्र कोण देणार? या प्रोफेसरांनी मला एकदा विचारलं, तुम्ही रात्रपाळी करता तर हृदय बंद पडलेला रुग्ण पाहिला असेल, त्या वेळी रक्तदाबाचं नक्की काय होतं ते सांगा. मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. त्यांनी मग तेच फळ्यावर आकृतीत बसवलं. माझ्या बाबतीत नोकरी आणि अभ्यास हे दोन वेगळे दिवस होते, ते त्या दुपारी पहिल्यांदा एकत्र आले. पुढे शिफारसपत्रात त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. अर्जदार ते न वाचण्याचा हक्क सोडतात, म्हणजे उलट, वाचण्याचा हक्क सोडतात.

पहिल्या सेमिस्टरला दोन्ही ए आले. मग तीन विषय, मग पुन्हा तीन. मायक्रोबायॉलॉजीत ए मायनस, म्हणजे अ‍ॅमकासचा ३.७. बाकी ए. ए प्लस मिळाला तरी तिथे तो चारच धरतात, त्यामुळे त्या मागे धावण्यात अर्थ नसतो.

एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, ही वेगळी कहाणी आहे आणि तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. २३० प्रश्न, चार भाग, सुट्ट्या धरून साडेसात तास. ४७२ ते ५२८ मध्ये गुण, मधोमध ५००. आयुष्यात सात वेळा देता येते, पण कमी जीपीएवाल्यानं ती एकदाच आणि तयारीनं द्यावी असं माझं मत, कारण पुन्हा दिलेली परीक्षाही सगळ्यांना दिसते. एएएमसी एक तक्ता प्रसिद्ध करते, एका बाजूला जीपीए, दुसऱ्या बाजूला एमकॅट, आणि प्रत्येक चौकोनात किती जणांना प्रवेश मिळाला ते. मी माझ्या जीपीएच्या ओळीत बोट ठेवून उजवीकडे सरकत जायचो. जसजसा एमकॅट वाढतो तसतसा टक्का वाढतो, पण वरच्या ओळीच्या मानानं कधीच पुरता नाही. मला भीती सीएआरएस या भागाची होती, जिथे विज्ञान नसतं, फक्त उतारे: तत्त्वज्ञान, कला, इतिहास. सातवीपर्यंत मराठीत शिकलेल्याला ते उतारे जड जातात हे मला मान्य आहे, आणि त्याला उपाय म्हणून कुणी पुस्तकं विकत असेल तर मला तरी ती उपयोगी पडली नाहीत. रोज दोन उतारे, वेळ लावून, एवढंच केलं. त्या भागात १२६ आले, एकूण ५११.

२०२३ च्या मे महिन्यात अर्ज उघडले तेव्हा माझी पोस्ट-बॅकची ओळ होती ३.९ च्या वर. एकूण ३.१५. पोस्ट-बॅकनंतर बीसीपीएम ३.१. दोन वर्षांच्या मेहनतीनं एकूण आकडा एवढाच हलला, पाव पॉइंट. एक्सेलनं हे आधीच सांगितलं होतं, तरी छापील पानावर बघताना पोटात कसंतरी झालं.

अर्ज लवकर टाकावा हा सल्ला सगळे देतात, तो खरा आहे. कॉलेजं मुलाखती आणि जागा जसजसे अर्ज येतील तसतशा देत जातात, आणि अ‍ॅमकासला ट्रान्स्क्रिप्ट तपासायला गर्दीच्या दिवसांत सहा आठवडेही लागतात. माझं एक कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट, तो हायस्कूलमधला सायकॉलॉजीचा कोर्स, वेळेवर पोहोचेना. चार क्रेडिटच्या त्या एका कोर्सनं सगळा अर्ज अडवून धरला होता. शेवटी मी स्वतः जाऊन त्या कम्युनिटी कॉलेजच्या खिडकीसमोर उभा राहिलो.

निबंधात कमी गुणांबद्दल किती लिहायचं, यावर मी बराच विचार केला. मूळ निबंधात एक अक्षर लिहिलं नाही. पुढे प्रत्येक कॉलेज आपापला दुसरा अर्ज पाठवतं, त्याला सेकंडरी म्हणतात, आणि त्यात बहुतेकांनी विचारलंच. तिथे चार वाक्यं लिहिली: काय झालं, मग काय बदललं, त्याचा पुरावा कुठल्या विषयांत दिसतो. आजारपण, घरची अडचण असं काही माझ्याकडे नव्हतं आणि मी ते शोधलंही नाही. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्कमधल्या कॉलेजांना मुख्यतः अर्ज केले, एमडी आणि डीओ दोन्ही. एमडीकडून बहुतेक शांतता. एका ठिकाणी मुलाखत झाली, मग वेटलिस्ट, मग काही नाही. डीओकडून मुलाखती आल्या.

एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी माझं ते पान काढलं, बोट थेट पहिल्या ओळींवर ठेवलं आणि विचारलं की या मुलाला तुम्ही आमच्या जागी असता तर घेतलं असतं का. मी म्हणालो, नाही, या मुलाला नसतं घेतलं. मग त्यांचं बोट खाली सरकलं, पोस्ट-बॅकच्या ओळीवर, आणि पुढचे सगळे प्रश्न रात्रपाळीबद्दल झाले.

डिसेंबरात तिथून फोन आला. आईनं नाशिकला आजीला सांगितलं तेव्हा आजीचा पहिला प्रश्न, "हाडवैद्य का रे?" तशी ती अगदीच चुकली नव्हती. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथी मांडली ती हाडं-सांधे हातानं बसवण्याच्या विचारातूनच, आणि १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला तिचं पहिलं कॉलेज निघालं. आज डीओ सगळी औषधं लिहितात, शस्त्रक्रिया करतात, आणि २०२० पासून रेसिडेन्सीची मान्यताही एमडीबरोबर एकाच व्यवस्थेत आहे. आजीला मी एवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे गुडघ्याचं बघशील ना माझ्या?"

प्रवेशाच्या पत्रात अट होती की चालू असलेले विषय सी किंवा त्याहून वरच्या गुणानं पूर्ण करायचे आणि सगळी ट्रान्स्क्रिप्ट पुन्हा एकदा, अधिकृत, मोहोरबंद पाठवायची. त्या वेळी माझं इम्युनॉलॉजी चालू होतं. त्यात बी प्लस आला. पोस्ट-बॅकच्या सगळ्या ओळीत तो एकटाच, आणि त्याबद्दल मला कुणीच काही विचारलं नाही.